तेरीज जुळली, तरी

फायनान्शियल अकाउंटिंगच्या वर्गात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गंमत होते. पहिली तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, मांडून होते, नावेची (डेबिटची) बेरीज आणि जमेची (क्रेडिटची) बेरीज पैशापर्यंत सारखी निघते आणि वर्गभर पेनं खाली ठेवली जातात. जुळलं! बरा शिकवणारा असेल तर तो याच क्षणाची वाट बघत असतो. विम्याचे २,४०० डॉलर चुकून भाड्याच्या खात्यात टाकले असते, तरी ही तेरीज अशीच जुळली असती. एखादा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचाच राहिला असता, तरी जुळली असती. तोच व्यवहार दोनदा लिहिला असता, तरीही. दोन्ही बाजू सारख्या आहेत एवढंच तेरीज सांगते. त्या बरोबर आहेत की नाहीत, हे तिला ठाऊक नसतं.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेस शिकायला निघालेल्या माणसाला हीच गोष्ट वर्गाबाहेर आणखी एकदा शिकावी लागते, आणि ती शिकवायला तिथे फळ्यापाशी कुणी उभं नसतं. इथल्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात; युनिट म्हणजे अभ्यासाचं माप. ती भरतात, बेरीज जुळते, आणि मग पुढे ज्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, त्याच्या यादीशी ताडून पाहताना कळतं की त्यातली नऊ-दहा युनिट भलत्याच खात्यात पडलीत.

आपल्याकडे बी.कॉम.ला नाव घातलं की पहिल्या वर्षाचे पेपर ठरलेले असतात. दोन-चार ऐच्छिक विषय सोडले तर वेळापत्रक कॉलेजच हातात देतं. चूक करायची म्हटली तरी फारशी सोय नसते. इथे उलटं आहे. दार सताड उघडं आणि आत गेल्यावर शेकडो वर्गांची यादी. काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने, कधी, हे ज्याचं त्याने बघायचं. समुपदेशक असतात, चांगले असतात, पण सत्राच्या सुरुवातीला त्यांच्यापुढे रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास आला तरी पुष्कळ.

दार इतकं उघडं का, याला इतिहास आहे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. हायस्कूललाच जोडून विद्यापीठाची पहिली दोन वर्षं शिकवायची, अशी कल्पना. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नोत पहिलं कॉलेज निघालं. १९६० च्या मास्टर प्लॅनने मग तीन मजले बांधले. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, वरच्या एक-तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि बाकी ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. खालच्या मजल्यावरून वरच्या दोन्हींत तिसऱ्या वर्षाला जाता यावं म्हणून मध्ये जिना ठेवला. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. १९८४ पर्यंत राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे काहीच फी नव्हती. त्या वर्षी ती ५ डॉलर झाली, आणि २०१२ पासून ४६ वर थांबलीय. म्हणजे ६० युनिटांच्या आख्ख्या पदवीची फी २,७६० डॉलर. आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तकं वेगळी, आणि ती 'वेगळी' बाब हलकी नाही. अकाउंटिंगच्या ऑनलाइन गृहपाठाचा एकेक ॲक्सेस कोड शंभर डॉलरच्या पुढे जातो आणि तो सेकंडहॅंड मिळत नाही, कारण एकदा वापरला की संपला. वर्ग निवडताना यादीत 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट'ची खूण आहे का ते पाहावं. असे वर्ग बहुधा ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तकं वापरतात. अकाउंटिंगची त्यांची दोन्ही पुस्तकं पुरेशी चांगली आहेत.

रहिवासी कोण, हाही हिशेबच. सत्र सुरू व्हायच्या आधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेलं असावं, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसावा: वाहन परवाना, राज्याचा कर भरल्याचा कागद, घरभाड्याचा करार. एच-वन आणि एच-फोर व्हिसावरच्यांना असं रहिवासी ठरता येतं, हे पुष्कळ मराठी घरांत उशिरा कळतं. नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर एच-फोरवर आलेल्या माणसाला कामाची परवानगी नसली तरी शिकायची पूर्ण मोकळीक असते, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. मात्र ते एक वर्ष भरायच्या आधी नाव घातलं तर युनिटमागे अनिवासी शिक्षणशुल्क लागतं, तेही काही शे डॉलरमध्ये. आठ-दहा महिने झाले असतील तर थांबणं स्वस्त. एफ-वनवर आलेल्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही. त्याला अनिवासी दरच, शिवाय सत्राला किमान १२ युनिट, आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो.

आता ६० युनिटांची फोड. यांतली ३४ कॅल-जीईटीसी नावाच्या सामायिक यादीतली. २०२५ च्या फॉल, म्हणजे ऑगस्टच्या सुमाराच्या सत्रापासून यूसी आणि सीएसयू दोघांसाठी ही एकच यादी आहे. त्याआधी दोन होत्या आणि त्यांच्यात गल्लत करण्यात माणसांची सत्रंच्या सत्रं गेली. इंग्रजी, चिकित्सक विचार, भाषण, गणित, विज्ञान आणि त्याची प्रयोगशाळा, कला, समाजशास्त्रं, एथ्निक स्टडीज. उरलेली बिझनेसची: फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजेरियल अकाउंटिंग, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, बिझनेस लॉ, आणि संख्याशास्त्र किंवा कॅल्क्युलस. मग इंट्रोडक्शन टू बिझनेस, बिझनेस कम्युनिकेशन, संगणक यांतलं काही. अर्थशास्त्र आणि गणित सामायिक यादीतही चालतात आणि मुख्य विषयातही. एकच युनिट दोन खात्यांत जमा होण्याची ही एकमेव सरळमार्गी सोय, तेव्हा ती सोडू नये.

नवीन माणूस पहिल्या सत्रात हमखास 'इंट्रोडक्शन टू बिझनेस' घेतो. नावच तसं आहे. वर्ग वाईट नसतो: मालकी, भागीदारी, कॉर्पोरेशन, मार्केटिंग, सगळ्यांची तोंडओळख होते आणि इंग्रजी शब्द कानावरून जातात. पण बऱ्याच विद्यापीठांच्या बिझनेसच्या पूर्वतयारीच्या यादीत तो नसतोच. तिथे तो नुसता ऐच्छिक म्हणून मोजला जातो. पहिल्या सत्राची जागा त्याला देऊन अकाउंटिंग दुसऱ्या वर्षावर ढकलणं, ही माझ्या मते इथली सगळ्यात महाग चूक. का, ते तारखांवरून कळतं.

बोलताना सगळे 'दोन वर्षं' म्हणतात. ऑगस्टमध्ये सुरुवात केली, तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीला यूसी आणि सीएसयूचे अर्ज जातात. म्हणजे पंधरा महिने. अर्ज भरताना हातात निकाल असतात ते फक्त पहिल्या फॉलचे, पहिल्या स्प्रिंगचे आणि मधल्या उन्हाळ्याचे. दुसऱ्या वर्षाचे विषय 'चालू' आणि 'नियोजित' म्हणून दाखवता येतात, पण जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, बनतो तो झालेल्यांचा. यूसीच्या सहा शाखा टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात. तिचा अर्ज तर त्याहून आधी, सप्टेंबरच्या तीस दिवसांत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, आणि देणाऱ्या शाखांतही प्रत्येक विषयाला ती असतेच असं नाही. बिझनेस हा गर्दीचा विषय, तेव्हा शाखेचं त्या वर्षाचं पत्रक वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

म्हणून क्रम असा लावलेला बरा. पहिल्या सत्रात इंग्रजी, सूक्ष्म अर्थशास्त्र, गणित आणि झेपत असेल तर फायनान्शियल अकाउंटिंग. दुसऱ्यात स्थूल अर्थशास्त्र, चिकित्सक विचार आणि राहिलं असेल ते अकाउंटिंग. उन्हाळ्यात सामायिक यादीतला वाचनाचा एखादा विषय. अकाउंटिंग उन्हाळ्यात घेऊ नये, सहा-आठ आठवड्यांत ते पचत नाही. दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये मॅनेजेरियल आणि बिझनेस लॉ. प्रयोगशाळेचा विषय कुठेतरी लवकर घुसवावा, कारण त्याच्या जागा कमी आणि वेळा विचित्र.

गणिताचं मात्र नीट बघावं लागतं. वर्गांच्या यादीत 'बिझनेस कॅल्क्युलस' नावाचा सुटसुटीत कोर्स असतो. एका विद्यापीठाला तो चालतो, दुसऱ्याला पूर्ण कॅल्क्युलस लागतं, तिसऱ्याला त्याचे दोन भाग. याचं उत्तर 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतं: तुमचं कॉलेज, हवं ते विद्यापीठ, विषय आणि वर्ष टाकलं की डावीकडे विद्यापीठाचा कोर्स आणि उजवीकडे तुमच्या कॉलेजातला जुळणारा. मला हे पान नेहमी दोन बाजूंच्या खतावणीसारखं, म्हणजे लेजरसारखं, वाटतं. ते छापून घ्यावं, जाऊ इच्छिता त्या तीन-चार विद्यापीठांची पानं शेजारी ठेवावीत आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने सत्र लिहावं. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं दिसलं तर तुमच्या कॉलेजात त्याला जोड नाही. तो कोर्स शेजारच्या कॉलेजात घेता येतो का ते बघावं.

शेजारच्या कॉलेजात जाताना एक खड्डा आहे. बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर, म्हणजे वर्षाला दोन सत्रांत, चालतात, पण काही क्वार्टरवर, म्हणजे तीन छोट्या सत्रांत. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात कुपर्टिनोचं डी ॲन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल क्वार्टरवर, तर फ्रीमॉंटचं ओलोनी सेमिस्टरवर, आणि या टापूत मराठी वस्ती भरपूर असल्याने ही ये-जा नेहमीची. क्वार्टरच्या कॉलेजात अकाउंटिंगचे तीन तुकडे असतात, १-ए, १-बी आणि १-सी. सेमिस्टरवाल्यांकडे दोनच. नुसतं १-ए करून सेमिस्टरच्या कॉलेजात गेलात तर ते तिथल्या पहिल्या कोर्सएवढं भरत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. तिन्ही तुकडे मिळून दोन्ही कोर्स वळते होतात. तेव्हा अकाउंटिंगची साखळी जिथे सुरू केली तिथेच संपवावी. बाकी विषय कुठेही करा.

आणि आता अकाउंटिंगच. कारण या सगळ्या अभ्यासाचा कणा तोच आहे आणि मोडतोही तिथेच. वर्गात ज्यांना सोपं जाईल असं वाटतं ते बी.कॉम. झालेले मराठी लोक पहिल्या महिन्यात अडखळतात, ही गोष्ट मोठी मजेची आहे. त्यांना विषय येत असतो, पण तो उजव्या हाताने लिहायची सवय असते आणि इथे डाव्या हाताने लिहावं लागतं.

शाळेपासून पाठ असतं: घेणारा नावे, देणारा जमा, जे येतं ते नावे, जे जातं ते जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. इथे हे तीन 'सोनेरी नियम' कुणी शिकवत नाही. व्यक्तिगत, वास्तव, नामधारी असे खात्यांचे प्रकारच नाहीत. इथे एक समीकरण आहे: मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकी. लक्षात ठेवायला पोरं 'डीलर' शब्द वापरतात: डिव्हिडंड, एक्स्पेन्स आणि ॲसेट वाढले की नावे, लायबिलिटी, इक्विटी आणि रेव्हेन्यू वाढले की जमा. उत्तर दोन्हीकडून एकच येतं. पण परीक्षेत 'का' विचारलं आणि तुम्ही सोनेरी नियम लिहिलात, तर तपासणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

खतावणीत 'टू' आणि 'बाय' लिहायचं नाही. ताळेबंदात भांडवल-देणी डावीकडे नि मालमत्ता उजवीकडे ही आपली शाळेतली मांडणी. इथे मालमत्ता डावीकडे किंवा वर, आणि तिचीही सुरुवात रोख रकमेपासून, जमीन-इमारती शेवटी. गिऱ्हाइकांकडच्या येण्याला संड्री डेटर्स नाही, अकाउंट्स रिसीव्हेबल म्हणतात. एकट्या दुकानदारापासून सुरुवात न होता पुष्कळदा थेट कॉर्पोरेशनपासून होते, म्हणून 'उचल' खात्याऐवजी लाभांश आणि रिटेन्ड अर्निंग्ज, म्हणजे राखून ठेवलेला नफा. अखेरचा साठा व्यापारी खात्याच्या जमेला टाकायचा ही सवय तर पहिल्यांदा सोडावी लागते, कारण इथे बहुधा प्रत्येक विक्रीबरोबरच विकलेल्या मालाची किंमत साठ्यातून वजा होत जाते. एकाच विक्रीच्या दोन नोंदी. दुसरी विसरली तरी तेरीज जुळतेच! आणि साठ्याच्या मूल्यमापनात 'लिफो', म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं, भारतातल्या लेखामानकांत चालत नाही. अमेरिकेत चालतं, आणि परीक्षेत येतंच.

घसाऱ्याकडे, म्हणजे वापराने वस्तूच्या किमतीत दर वर्षी होणाऱ्या घटीकडे, जरा जवळून पाहू. यंत्र १०,००० डॉलरचं, आयुष्य पाच वर्षं, शेवटी मोडीत १,००० येणार. सरळ पद्धतीने ९,००० भागिले पाच, दर वर्षी १,८००. इथवर सगळे बरोबर. मग येते डबल डिक्लायनिंग पद्धत: सरळ पद्धतीचा दर २० टक्के, त्याच्या दुप्पट ४० टक्के, आणि तो लावायचा उरलेल्या पुस्तकी किमतीला. सुरुवातीला मोडीची किंमत वजा करायची नाही. पहिल्या वर्षी ४,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० वर २,४००, मग १,४४०, मग ८६४. चौथ्या वर्षाअखेर पुस्तकात उरले १,२९६. पाचव्या वर्षी हात आपोआप ४० टक्के काढतो, ५१८.४०. चूक. तसं केलं तर किंमत मोडीच्या खाली जाते. शेवटच्या वर्षाचा घसारा फक्त २९६. हा एक आकडा निम्म्या वर्गाचा चुकतो, आणि नोंद दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची असल्याने बेरजा सगळ्या जुळतात. शिवाय हा घसारा यंत्राच्या खात्यातून थेट वजा करायचा नाही. 'संचित घसारा' असं वेगळं खातं उघडून तिथे साठवायचा, म्हणजे मूळ किंमत पुस्तकात शाबूत राहते.

वर्षाअखेरच्या समायोजनाच्या नोंदी हा दुसरा अवघड टप्पा. १ नोव्हेंबरला वर्षभराच्या विम्याचे २,४०० डॉलर भरले. ३१ डिसेंबरला किती खर्च? दोन महिन्यांचे, ४००. सहज २,००० लिहिलं जातं, कारण डोळ्यांपुढे 'उरलेला' विमा असतो. लेखनसामग्रीचं याच्या उलट: खात्यात १,५०० दिसतात, मोजल्यावर कपाटात ३५० चा माल निघतो. खर्च १,१५०. तिथे ३५० लिहिणारे पुष्कळ. प्रश्नात 'संपलेला' सांगितलाय की 'शिल्लक', हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केल्याशिवाय आकड्याला हात लावू नये. विम्याची ती ४०० ची नोंद राहूनच गेली, तर खर्च ४०० ने कमी, नफा ४०० ने जास्त, मालमत्ता ४०० ने जास्त, मालकीही ४०० ने जास्त. समीकरण मात्र छान तोललेलं.

आणि जुळतच नसेल तेव्हा? ती त्यातल्या त्यात बरी अवस्था, कारण चूक स्वतःहून ओरडून सांगते. फरकाला नऊने भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा: ८,५४० च्या जागी ८,४५०, फरक ९०. फरक दोनने भागून येणारी रक्कम एखाद्या खात्यात सापडली, तर ती नावेऐवजी जमेला पडली असेल. जुने मुनीम हेच करायचे. क्लाउडमधली सॉफ्टवेअरं आल्यावर ही कसरत कमी झाली, कारण ती न जुळणारी नोंद घेतच नाहीत. पण भलत्या खात्यात नीट जुळवून टाकलेली नोंद ती आनंदाने घेतात.

मॅनेजेरियल अकाउंटिंग पुष्कळांना पहिल्यापेक्षा आवडतं, कारण त्यात दुकान दिसू लागतं. कॉफीची गाडी घ्या. पेला ५ डॉलरला, त्यात कॉफी, दूध, कप, झाकण मिळून २ डॉलर. उरले ३. गाडीचं भाडं, परवाना, विमा असा महिन्याचा ठरलेला खर्च ४,५००. तर १,५०० पेले गेले की ना नफा ना तोटा. दिवसाला ५०. पण हे ५० तीस दिवसांचे. आठवड्याची सुट्टी धरून सव्वीस दिवस गाडी लावली तर ५८. आणि मालकाने स्वतःची मजुरी धरलीच नाही, तर ही ना-नफा-ना-तोट्याची रेघ निव्वळ भास. संध्याकाळच्या वर्गात अठरा वर्षांच्या पोरांशेजारी स्वतःचा ट्रक चालवणारी, पोळीभाजीचे डबे पुरवणारी, घरांची सफाई करणारी माणसं बसलेली असतात. हे गणित फळ्यावर आलं की ती माणसं मोबाइल काढून आपले आकडे घालून बघतात. पोरं सूत्र उतरवून घेतात.

बिझनेस लॉमध्ये पाठांतर कमी, मांडणी जास्त. मुद्दा, नियम, वापर, निष्कर्ष या चार पायऱ्यांत उत्तर लिहायचं. गुण जातात ते तिसऱ्या पायरीत: नियम परिच्छेदभर लिहिला जातो आणि दिलेल्या प्रसंगाला तो कसा लागू पडतो ते दोन ओळींत उरकलं जातं. प्रमाण उलटं हवं. अर्थशास्त्राच्या दोन वर्गांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आकृत्या हाताने काढा, नुसत्या पाहू नका.

एका युनिटाला सत्रभरात साधारण ५० तास धरतात, एक तास वर्गात तर दोन घरी. म्हणजे अकाउंटिंगच्या चार युनिटांना आठवड्याचे बारा तास. नोकरी सांभाळून अशा दोन विषयांच्या वर घेतले की पाचव्या आठवड्यात एकाचा बळी जातो. सोडायचं ठरलं तर तारीख बघून सोडावं. सत्राचा साधारण पाचवा हिस्सा उलटायच्या आत नाव काढलं तर गुणपत्रिकेवर काही उमटत नाही. फी परत मिळायची मुदत त्याहूनही आधी संपते. पुढे 'डब्ल्यू', म्हणजे नाव काढल्याची खूण, उमटतो, आणि तो त्या कोर्सचा एक प्रयत्न म्हणून मोजला जातो. आणि एका कोर्सच्या प्रयत्नांना मर्यादा असते. पाहुण्यासारखं नाव घालून ठेवायचं आणि जायचंच नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. कधीकधी शिकवणारा नाव काढतो, कधी नाही, आणि मग सरळ 'एफ' लागतो.

नावनोंदणीच्या दिवशी अकाउंटिंगचे संध्याकाळचे वर्ग लवकर भरतात. वेटलिस्टवर पहिल्या पाचात असाल तर पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसाच, कारण न आलेल्यांची नावं त्याच दिवशी गळतात. नोंदणीची तारीख आधीची मिळावी म्हणून ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन वेळेवर उरकावेत. भारतातल्या बी.कॉम.ची गुणपत्रिका मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून आणली तर काही सामायिक विषयांतून सूट मिळू शकते. पण ज्यांना सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापालाच्या परीक्षेकडे, जायचंय त्यांनी इथलं अकाउंटिंग आणि कराचे वर्ग घ्यावेतच, कारण त्या परीक्षेला लागणाऱ्या अकाउंटिंगच्या युनिटांत कम्युनिटी कॉलेजची युनिटही धरली जातात, आणि तेवढ्यासाठी विद्यापीठाची फी मोजायचं कारण नाही. फेब्रुवारी ते एप्रिल आयआरएस या अमेरिकी करखात्याच्या 'व्हिटा' उपक्रमात विद्यार्थी परीक्षा देऊन लोकांचे कर-विवरण फुकट भरून देतात. एका हंगामात खऱ्या माणसांचे खरे कागद हाताखालून गेले की 'समायोजन' शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

२०१० च्या कायद्याने निघालेली ट्रान्सफरची असोसिएट पदवी घेतली तर सीएसयूत तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी आहे. हमी सीएसयू या संस्थेची, तिच्या अमुकच शाखेची नाही. सॅन होजेला बिझनेसला गर्दी आहे म्हणून दुसरीकडची जागा दाखवली, तर ती हमी पाळलीच गेली. आणि ही पदवी मिळेलच असं धरून बसू नये. बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला मुदत असते. तो न करता युनिट भरून निघून गेलेले लोक आहेत.

अर्ज करायच्या आधी बेरीज शेवटची एकदा करावी, दोन्ही मापांत. क्वार्टरचं युनिट म्हणजे सेमिस्टरच्या युनिटाचा दोन-तृतीयांश. क्वार्टरवाल्यांना ९० लागतात, आणि साखळी, सामायिक यादी, असिस्टचं पान असं सगळं जागच्या जागी असूनही ८९ वर अडकणारे दर वर्षी निघतात. ८९ म्हणजे ५९.३३. मग शेवटच्या क्वार्टरला बिझनेसवाला विद्यार्थी ३१ डॉलर भरून एका युनिटाचा योगासनांचा वर्ग शोधत फिरतो. कॅलिफोर्नियात त्या वर्गालाही वेटलिस्ट असते.